किडनीदात्याच्या पोटात गॅस किती दाबानं भरायचा? ओटीतल्या टीमसाठी टप्प्याटप्प्यानं

दुर्बिणीतून किडनी काढायची तर पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करावीच लागते. किती दाबानं भरायचा, हे मात्र बऱ्याच ओटींमध्ये कोणी ठरवतच नाही. मशीन सुरू केलं की आदल्या केसचा १४ किंवा १५ हा आकडा समोर येतो आणि तोच शेवटपर्यंत राहतो. याउलट काही जण कॉन्फरन्समध्ये 'कमी दाब चांगला' असं ऐकून येतात आणि बाकी काही न बदलता आकडा थेट ८ वर आणतात. पंधरा मिनिटांत आतडी कॅमेऱ्यासमोर येतात, सर्जन वैतागतो आणि 'आपल्याकडे हे चालत नाही' असा निकाल लागतो.

कमी दाबाला भूल, पोझिशन, रिकामं जठर आणि न गळणारे पोर्ट (दुर्बीण आणि हत्यारं आत घालायच्या नळ्या) यांचा आधार लागतो. हा आधार आधी उभा करायचा आणि मग दाब उतरवायचा. क्रम उलटा झाला की फसगत ठरलेली.

पुढचं सगळं सर्जरी आणि भूलशास्त्राचे रेसिडेंट, ओटी टेक्निशियन आणि सिस्टर यांच्यासाठी आहे. गृहीत धरलेली केस अशी: प्रौढ दाता, डावी किडनी, पोटाच्या पोकळीतून जाणारी शस्त्रक्रिया. दाबाचे आकडे मिलिमीटर पाऱ्यात आहेत. औषधांच्या बाबतीत तुमच्या युनिटचा लेखी प्रोटोकॉल वेगळा असेल तर तोच पाळायचा.

## आधी थोडा हिशेब

पोटातला दाब वाढला की किडनीची शीर दबते, किडनीतून जाणारं रक्त कमी होतं आणि लघवी घटते. किडनीच्या गाळणीला मिळणारा जोर अंदाजे काढण्याची एक सोपी रीत आहे: सरासरी रक्तदाबातून पोटातल्या दाबाची दुप्पट वजा करा. सरासरी रक्तदाब ७५ आणि गॅसचा दाब १५ असेल तर उरतात ४५. तोच गॅस ८ वर असेल तर ५९. दात्याला या ऑपरेशनचा शरीरानं काहीही फायदा नसतो, आणि याच किडनीला पुढं काही मिनिटं रक्ताविना आणि मग बर्फात काढायची असतात. तिला आधीच उपाशी ठेवण्यात शहाणपण नाही.

हेही तितकंच खरं की १२ च्या दाबावर काढलेल्या असंख्य किडन्या उत्तम चालल्या आहेत. नेदरलँड्समध्ये नायमेखनच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या गटानं दात्यांवरच ६ विरुद्ध १२ अशी चाचणी केली. कमी दाबाच्या गटाला स्नायू पूर्ण सैल ठेवणारी खोल भूल दिली होती. तरीही त्यातल्या काहींचा दाब मध्येच वाढवावा लागला, आणि पहिल्या दिवशीच्या बरं वाटण्यात सरसकट मोठा फरक दिसला नाही. कमी दाबाचा रोजच्या कामात जाणवणारा फायदा म्हणजे दात्याचं खांद्याचं दुखणं कमी होतं. म्हणून मी ८ ते १० हे लक्ष्य मानतो, १२ ला कमीपणा मानत नाही, आणि १५ ला दर वेळी कारण विचारतो.

## टप्पा १: आदल्या दिवशी वॉर्डात

जुने टाके शोधा. आपल्याकडे दात्यांमध्ये आई आणि बायको यांचं प्रमाण मोठं आहे. 'आधी काही ऑपरेशन झालंय का?' असं मोघम विचारलं की बरेचदा 'नाही' असं उत्तर येतं, कारण सिझेरियन आणि नसबंदी त्यांच्या लेखी आजारपणात मोडतच नाही. सरळ विचारा: 'कुटुंबनियोजनाचं झालंय का? टाक्याचं की बिनटाक्याचं?' बिनटाक्याचं म्हणजे दुर्बिणीतून झालेलं. त्याचा बेंबीखालचा व्रण इतका बारीक असतो की उजेडात नीट पाहिल्याशिवाय दिसत नाही. तिथं आत काही चिकटलेलं असेल तर पहिला पोर्ट दुसरीकडून घालायचा असतो, आणि ते सर्जनला ओटीत नव्हे, आज कळायला हवं.

पाणी. दाता कोरडा असेल तर पोटात गॅस गेल्याबरोबर रक्तदाब कोसळतो. चहात दूध नको, पण साधं पाणी भूल देण्याआधी दोन तासांपर्यंत चालतं. वॉर्डात मात्र 'रात्री बारानंतर काही नाही' हा एकच नियम सगळ्यांना लागतो आणि केस दुपारी सरकली की दाता बारा-चौदा तास तहानलेला राहतो. आणखी एक गोष्ट विचाराच: उपवास आहे का? मुलाला किडनी देणारी आई त्या दिवशी कडक उपवास धरते आणि कोणाला सांगत नाही. दामटून मोडायला लावू नका. सलाइन लावा आणि पाणी पिण्याबद्दल घरच्यांसमोर, समजावून बोला.

दाब आजच ठरवा. नियोजनाच्या कागदावर तीन आकडे लिहा: पोर्ट घालताना किती, काम करताना किती आणि वाढवलाच तर कमाल किती. उदाहरणार्थ १२, ८ आणि १५. सडपातळ, दोन बाळंतपणं झालेल्या बाईच्या पोटात ८ वर भरपूर जागा मिळते. व्यायाम केलेल्या तरुण भावाचं पोट ताठ असतं. तिथं १० ते १२ धरून चालणंच व्यवहार्य.

तपासा: सर्जन आणि भूलतज्ज्ञ या दोघांनीही हे तीन आकडे पाहिलेत का? एकालाच माहीत असतील तर ते ठरले असं म्हणता येत नाही.

## टप्पा २: मशीन आणि सिलिंडर

हा टप्पा टेक्निशियनचा. दात्याला टेबलवर घेण्याआधी तो संपलेला हवा.

सिलिंडरचं गेज फसवतं. कार्बन डायऑक्साइड आत द्रवरूपात असतो. ओटीच्या तापमानाला गेज ५५ ते ६० बारच्या आसपास दाखवतं आणि आतला शेवटचा द्रव संपेपर्यंत तिथंच राहतं. मग एकदम खाली येतं. म्हणजे काटा 'भरलेला' दाखवत असताना सिलिंडर जवळजवळ रिकामा असू शकतो. किती गॅस उरलाय हे वजनावरूनच कळतं. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या मानेवर कोरलेलं असतं. वजनकाटा नसेल तर दाता-शस्त्रक्रियेला नवा सिलिंडर लावा आणि दुसरा भरलेला, स्पॅनरसकट, शेजारी ठेवा. मे महिन्यात बाहेर उन्हात ठेवलेला सिलिंडर आणखी जास्त दाब दाखवतो. त्यावर तर मुळीच विसंबू नका.

सिलिंडर उभाच हवा. आडवा ठेवला तर द्रव मशीनमध्ये शिरतो.

इन्सफ्लेटर, म्हणजे गॅस भरणारं मशीन, दात्याच्या पोटापेक्षा उंचावर ठेवा आणि नळीला दर केसला नवा फिल्टर लावा, म्हणजे पोटातलं पाणी किंवा रक्त उलटं मशीनकडे जाणार नाही. नळी जोडण्याआधी तिच्यातून थोडा गॅस सोडून द्या. नव्या नळीत खोलीतली हवा भरलेली असते, आणि सुई चुकून शिरेत गेली तर ही हवा कार्बन डायऑक्साइडपेक्षा किती तरी घातक ठरते, कारण ती रक्तात तशी विरघळत नाही.

शेवटी नळीचं टोक बोटानं बंद करा. दाब ठरवलेल्या आकड्यावर जाऊन प्रवाह शून्य झाला पाहिजे. बोट काढलं की प्रवाह परत सुरू. या अर्ध्या मिनिटाच्या चाचणीत निम्मे दोष सापडतात.

सावध: भूलतज्ज्ञाचं व्हेंटिलेटर दाब सेंटिमीटर पाण्यात दाखवतं, इन्सफ्लेटर मिलिमीटर पाऱ्यात. पाऱ्याचे १२ म्हणजे पाण्याचे जवळपास १६. 'प्रेशर किती?' असं कोणी ओरडलं तर कुठल्या मशीनचं, ते आधी विचारा.

## टप्पा ३: भूल, स्नायू आणि रिकामं जठर

कमी दाबाचं यश सगळ्यात जास्त इथं ठरतं. पोटाच्या भिंतीचे स्नायू पूर्ण सैल असतील तर ८ वर मिळणारी जागा पुरते. अर्धवट सैल असतील तर १२ वरही कुरकुर होते.

त्यासाठी नर्व्ह स्टिम्युलेटर लागतो, म्हणजे नसेला विजेचे हलके झटके देऊन स्नायू किती सैल आहेत ते दाखवणारं यंत्र. टीओएफला (ओळीनं दिलेल्या चार झटक्यांना) एकही प्रतिसाद नाही आणि पोस्ट-टेटॅनिक काउंट (जोरदार सलग झटक्यानंतर मोजलेले प्रतिसाद) १ ते २, ही खोल पातळी. 'आत्ताच डोस दिलाय, पुरेसा असेल' हा अंदाज दाता-शस्त्रक्रियेत चालत नाही, कारण सर्जनला सर्वांत चांगलं दिसायला हवं ते किडनीच्या धमनी-शिरेपाशी, आणि तोवर पहिला डोस कधीच उतरलेला असतो. थेंब-थेंब चालू ठेवलेलं इन्फ्युजन बरं.

इथं औषधाची निवड आधी करायची. सुगामाडेक्स हे स्नायू सैल करणाऱ्या औषधांपैकी फक्त रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियमचा असर उतरवतं. अॅट्राक्युरियमवर ते काम करत नाही, आणि निओस्टिग्मिन या असर उतरवणाऱ्या दुसऱ्या औषधानं इतकी खोल पातळी उलटत नाही. कपाटात सुगामाडेक्स नसेल तर शेवटपर्यंत खोल पातळी धरू नका. शिरा तोडून होईपर्यंत धरा, मग उतरू द्या, आणि दाब १० ते १२ ठेवा. गोळ्यांवर असलेल्या तरुण दात्या बाईला सुगामाडेक्स दिलं तर पुढचे सात दिवस गर्भनिरोधनासाठी दुसरा उपायही वापरायला सांगावं लागतं. डिस्चार्ज कार्डावर ही ओळ बहुतेक वेळा राहून जाते.

नायट्रस ऑक्साइड टाळा. तो आतड्यांत जाऊन त्यांना फुगवतो. डाव्या किडनीसमोर जठर आणि मोठ्या आतड्याचं वळण असतं, म्हणून रायल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) घालून जठर ओढून रिकामं करा. मास्कनं श्वास देताना जठरात गेलेली हवा हे 'दिसत नाही' या तक्रारीमागचं मामुली पण नेहमीचं कारण.

गॅस सुरू होण्याआधी रिंगर लॅक्टेट किंवा तसलं संतुलित सलाइन अर्धा ते एक लिटर गेलेलं असावं. गॅस चालू असताना लघवी कमी होणारच. ती पाहून सलाइनवर सलाइन चढवत बसू नका. सरासरी रक्तदाब ७० च्या वर ठेवण्याकडे लक्ष द्या. आर्टेरियल लाइन (रक्तदाब मोजायला धमनीत घातलेली नळी) असेल तर दाता कुशीवर वळवल्यावर तिचा दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर पुन्हा हृदयाच्या पातळीला आणा, नाहीतर तुम्ही भलत्याच आकड्यावर उपचार कराल.

## टप्पा ४: कुशीवर वळवणं

डावी किडनी काढायची तर दाता उजव्या कुशीवर. या स्थितीत आतडी स्वतःच्या वजनानं खाली, किडनीपासून दूर घसरतात. पित्ताशयाच्या ऑपरेशनपेक्षा इथं कमी दाब जास्त सहज पेलतो तो यामुळेच.

टेबल बरगडी आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध वाकवा, पण बेतानं. जास्त वाकवलं की पोटाची भिंत ताणून ताठ होते, त्याच दाबावर कमी जागा मिळते, आणि खालची महाशीर दबून रक्तदाब उतरतो. दाता पट्ट्यांनी नीट बांधलेला असावा, कारण पुढं टेबल बाजूला कलवायचं आहे.

तपासा: बांधल्यानंतर टेबल दोन्ही बाजूंना एकदा कलवून पाहिलंत का? दाता सरकत असेल तर आत्ताच कळू द्या.

## टप्पा ५: गॅस सुरू करताना

वेरेस सुई (पोट न उघडता गॅस भरायची सुई) वापरायची की पोट थोडं उघडून पहिला पोर्ट घालायचा, हे सर्जन ठरवेल. सुई असेल तर क्रम असा: सिरिंजनं ओढून पाहा, रक्त किंवा पिवळं-हिरवं पाणी यायला नको. सलाइनचा थेंब सुईच्या तोंडाशी सोडा, तो आत ओढला गेला पाहिजे. मग नळी जोडा आणि प्रवाह मिनिटाला १ लिटरवर ठेवा. सुरुवातीचा दाब १० च्या खाली दिसला पाहिजे. योग्य जागी असलेली सुई बहुधा त्याहून बराच कमी आकडा दाखवते.

सुरुवातीलाच दाब चढला, किंवा अर्धा-एक लिटर गॅसमध्येच १२ गाठले, तर सुई पोकळीत नाही. ती भिंतीच्या थरांत किंवा चरबीत आहे. इथं होणारी चूक म्हणजे प्रवाह वाढवून 'ढकलून' पाहणं. गॅस बंद करा, सुई काढा, पुन्हा घाला.

सुई योग्य असल्याची खात्री पटल्यावरही प्रवाह हळूहळूच वाढवा. पोटाचं आवरण झटक्यात ताणलं गेलं की नाडी ४० वर येऊ शकते. तसं झालं तर आधी गॅस सोडून द्या, मग अॅट्रोपिन. पुष्कळदा गॅस सोडल्यावर नाडी आपोआप सावरते.

## टप्पा ६: पोर्ट घाला, मग दाब उतरवा

सगळे पोर्ट १२ वर घाला. भिंत आतड्यांपासून दूर उचललेली असणं इथं सुरक्षिततेचं आहे. पोर्ट घालतानाच ८ वर राहण्याचा हट्ट नको.

त्यानंतर घाई करू नका. आधी १२ वरून १० वर या आणि मोठं आतडं बाजूला घेण्याचं काम त्यावर होऊ द्या. आतडं पलटलं, किडनीचा पुढचा भाग दिसू लागला की ८ वर या. एका दमात १२ वरून ८ वर आलं की भिंत खाली बसते, पोर्ट बाहेर सरकतात आणि एखाद्याचं टोक भिंतीच्या थरात जाऊन गॅस कातडीखाली भरू लागतो. प्रत्येक उतरणीनंतर कॅमेऱ्यानं पोर्टांची टोकं एकदा पाहा. सैल असतील ते टाक्यानं बांधा.

गॅसची नळी कॅमेऱ्याच्या पोर्टला लावू नका. दुर्बिणीनं तो मार्ग निम्मा भरलेला असतो, गॅस हळू येतो, आणि थोडी गळती झाली तरी जागा कोसळते. दुसऱ्या पोर्टला लावा.

एक माणूस नेमा, शक्यतो टेक्निशियन. दर पंधरा मिनिटांनी त्यानं ठरवलेला दाब, प्रत्यक्ष दाब आणि प्रवाह मोठ्यानं म्हणायचा. भूलतज्ज्ञानं तो रक्तदाबाच्याच चार्टवर लिहायचा. हे साधं काम जिथं होतं तिथं दाब गुपचूप चढत नाही.

## टप्पा ७: 'दिसत नाहीये' म्हटल्यावर

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. सर्जन म्हणतो 'दिसत नाहीये', सिस्टर नॉब फिरवते, आकडा १५ होतो आणि नंतर तो खाली आणायची आठवण कोणालाच राहत नाही. नॉबला हात लावण्याआधी मशीनकडे पाहा. दाब आणि प्रवाह हे दोन आकडे एकत्र वाचले की दोष कुठं आहे ते बहुधा कळतं.

दाब कमी, प्रवाह जास्त: गळती. धूर सोडायला उघडलेला पोर्टचा नळ तसाच राहिला, हे नेहमीचं. त्याखालोखाल सक्शनचं बटण दाबून धरलेलं, फाटलेला पोर्टचा रबरी पडदा, बाहेर सरकलेला पोर्ट. अशा वेळी दाब १५ ला लावून काही मिळत नाही. गॅस फक्त जास्त वेगानं बाहेर जातो.

दाब कमी, प्रवाह शून्य: सिलिंडर संपला किंवा बंद आहे.

दाब जास्त, प्रवाह शून्य: नळी दुमडली, नळ बंद आहे, असिस्टंटचा कोपर पोटावर टेकला आहे, किंवा दात्याचे स्नायू परत ताठ होत आहेत. शेवटच्या शक्यतेत व्हेंटिलेटरवरही दाब चढलेला दिसेल.

दाब ठरवल्याइतकाच, तरीही दिसत नाही: आता पुढच्या क्रमानं जा. दुर्बीण पुसा. हे हास्यास्पद वाटेल, पण धुकट भिंगाची तक्रार गॅसच्या नावावर खपते. पोस्ट-टेटॅनिक काउंट मोजा आणि वाढला असेल तर डोस द्या. रायल्स ट्यूब ओढून पाहा. टेबल अजून कलवा. एक ५ मिलिमीटरचा जादा पोर्ट घालून आतडं किंवा प्लीहा बाजूला धरा. हे सगळं करून भागलं नाही तरच दाब २ नं वाढवा, आणि वाढवताना वेळ बोला: 'धमनी सुटेपर्यंत १० वर, दहा मिनिटं.'

धमनी-शिरेपाशी सर्जननं १२ मागितले तर वाद घालू नका. तिथं नीट न दिसण्याची किंमत दाबापेक्षा किती तरी मोठी आहे.

शिरेतून रक्त आलं तर दाब थोडा वेळ १५ पर्यंत नेऊन ते दाबता येतं. पण भूलतज्ज्ञाला आधी सांगून. उघड्या शिरेतून गॅस रक्तात शिरू शकतो.

सावध, गॅस रक्तात गेल्याची खूण: कॅप्नोग्राफचा (बाहेर सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा अचानक पडतो आणि पाठोपाठ रक्तदाबही. गॅस बंद, सगळे नळ उघडे, ऑक्सिजन १०० टक्के, डोकं खाली. पुस्तकात 'डाव्या कुशीवर वळवा' असं लिहिलेलं असतं. डाव्या किडनीचा दाता नेमका उजव्या कुशीवर बांधलेला असतो. पट्ट्या कोण सोडणार, वळवणार कोण, हे केस सुरू होण्याआधी बोलून ठेवा. हृदय थांबलं तर आधी उताणं करून मसाज.

कॅप्नोग्राफचा आकडा उलट हळूहळू चढत असेल, श्वास वाढवूनही उतरत नसेल, तर छाती आणि मानेवर बोटं फिरवा. कातडीखाली चरचर लागली तर गॅस थरांत पसरतोय. पोर्टांची टोकं पाहा आणि दाब उतरवा.

## टप्पा ८: किडनी तोडण्याआधी आणि बाहेर काढताना

ओटीपोटावरचा आडवा छेद आधी घेऊन ठेवा, पण पोटाचं आतलं आवरण शाबूत ठेवा. ते लवकर उघडलं तर ऐन मोक्याला सगळा गॅस निघून जातो. इथं गडबड झाली की किडनी रक्ताविना राहण्याची मिनिटं वाढतात.

धमनीला हात लावण्याआधी किडनीकडे नीट पाहा. गुलाबी आणि टणक असेल, कापलेल्या मूत्रनलिकेतून लघवी ठिबकत असेल तर पुढं जा. निळसर, मऊ पडली असेल तर थांबा. गॅस सोडा, पाच-दहा मिनिटं पोट मोकळं ठेवा, रक्तदाब सुधारा, धमनीवर पापाव्हेरिन (धमनी सैल करणारं औषध) सोडा. रंग परतला की पुन्हा गॅस भरा. शेजारच्या ओटीतून 'झालं का?' असे निरोप येत असतात, म्हणून हा थांबा गाळला जातो. गाळू नका.

सावध: दात्याच्या किडनीच्या धमनीवर केवळ पॉलिमरच्या लॉकिंग क्लिपवर भिस्त ठेवू नका. क्लिप निसटून दाते दगावलेले आहेत. उत्पादकानं २००६ मध्येच या वापराविरुद्ध इशारा दिला आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं तो पुन्हा दिला. स्टेपलर महाग पडतो हे खरं, पण बचत करायची ही जागा नव्हे.

## टप्पा ९: दाब उतरवून रक्तस्राव तपासा

किडनी शेजारच्या ओटीत गेली की निम्मी टीमही तिच्या मागोमाग जाते. दात्याजवळ उरतो ज्युनियर सर्जन, दमलेली सिस्टर आणि 'आता बंद करूया' असा मूड. दात्याच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाची तपासणी मात्र आत्ता व्हायची असते.

१२ च्या दाबाखाली बारीक शिरा दबलेल्या असतात. त्या वाहत नाहीत, म्हणून सगळं कोरडं दिसतं. गॅस काढला, दाता वॉर्डात गेला, रक्तदाब नेहमीचा झाला, की त्याच शिरा वाहू लागतात.

म्हणून छेद बंद करून पुन्हा गॅस भरा, पोट धुऊन सक्शन करा, आणि मग दाब ५ ते ६ वर आणा. भूलतज्ज्ञाला सांगून रक्तदाब दात्याच्या वॉर्डातल्या आकड्याजवळ आणा. घड्याळ लावून पाच मिनिटं थांबा. अंदाजानं मोजलेली पाच मिनिटं दोनच भरतात. मग पाहा: धमनीचं टोक, शिरेचं टोक, अॅड्रिनल, गोनॅडल आणि लंबर शिरांची टोकं, प्लीहेची कड, आतड्याच्या पडद्याची कापलेली बाजू. कॅमेरा आत असतानाच बाकीचे पोर्ट एकेक करून काढा आणि प्रत्येक भोक आतून पाहा. रक्त गोठू न देणारं हेपॅरिन दिलं असेल तर ते उलटवलं का, हे याआधीच विचारून घ्या.

## टप्पा १०: गॅस बाहेर काढा

आधी इन्सफ्लेटर बंद करा. हे राहिलं तर एकीकडून तुम्ही गॅस काढता आणि दुसरीकडून मशीन भरत राहतं. वाकवलेलं टेबल सरळ करा आणि डोक्याकडून थोडं खाली घ्या. पोर्टांचे नळ उघडे ठेवून भूलतज्ज्ञानं पाच मोठे श्वास द्यायचे: दाब ३० ते ४० सेंटिमीटर पाणी, प्रत्येक श्वास काही सेकंद धरून. छाती आणि पोट यांमधला पडदा खाली येतो आणि त्याखाली साठलेला गॅस बाहेर ढकलला जातो. रक्तदाबावर नजर हवी, कारण या श्वासांनी तो तात्पुरता उतरतो. हातानं पोट हलकं दाबा आणि शेवटचा पोर्ट नळ उघडा ठेवूनच काढा.

सुगामाडेक्सचा डोस पातळीवर ठरतो: पोस्ट-टेटॅनिक काउंट १ ते २ असेल तर किलोला ४ मिलिग्रॅम, टीओएफला दोन प्रतिसाद आले असतील तर २ मिलिग्रॅम. श्वासनळीतली नळी काढण्याआधी टीओएफ रेशो (चौथ्या प्रतिसादाचं पहिल्याशी प्रमाण) किमान ०.९ हवा. डोळे उघडले, मान उचलली, यावर निभावून नेऊ नका.

## टप्पा ११: वॉर्डात पहिले चोवीस तास

दात्याला आधीच सांगून ठेवा की टाके पोटावर असले तरी खांदा दुखेल. नाहीतर रात्री दोन वाजता घरचे हृदयविकाराच्या भीतीनं धावत येतात. हे दुखणं बसल्यावर वाढतं, आडवं झाल्यावर कमी होतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. ड्युटीवरच्या डॉक्टरचा हात सवयीनं डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाकडे जातो. एकच किडनी उरलेल्या माणसाला ते युनिटला विचारल्याशिवाय देऊ नका. पॅरासिटामॉल वेळेवर द्या.

नाडी चढत चाललीय, दाता अस्वस्थ आहे आणि लघवी घटतेय, तर 'गॅसमुळे असेल' म्हणून सोडू नका. हिमोग्लोबिन पाठवा आणि सर्जनला बोलवा. गॅस निघून गेल्यावर लघवी वाढायला हवी. काही तासांनीही ती वाढत नसेल तर कारण शोधलंच पाहिजे.

ऑपरेशन नोटमध्ये 'न्यूमोपेरिटोनियम केलं' (पोटात गॅस भरला) एवढंच न लिहिता काम किती दाबावर झालं, कमाल किती गेला, किती मिनिटं आणि का, तसंच दाब उतरवून तपासणी किती वाजता केली, हे लिहा. पुढच्या केसचे तीन आकडे ठरवायला सर्जनसमोर हाच कागद ठेवता येतो.